मासा पाण्यात बुडतो काय?

मुंबईत मंगळदास मार्केटला माल पाहायला येणारे आपले बहुतेक व्यापारी बंधू शेजारच्या जामा मशिदीत नमाजला जातात. ही मशीद १८०२ साली पुरी झाली आणि ती एका जुन्या तलावावर उभी आहे. त्या हौदातले मासे वजू करताना सर्वांनी पाहिलेले असतात. सोबत लहान मूल असले तर त्याचा प्रश्नही ठरलेला असतो. हे मासे पाण्यात श्वास कसा घेतात? ते बुडत कसे नाहीत?

व्यापाराच्या पानावर असा प्रश्न कशाला, असे वाचकांच्या मनात येईल. परंतु या प्रश्नाचा आपल्या धंद्याशी फार जवळचा संबंध आहे. मासळीचा व्यापार करणाऱ्यांचा तर आहेच. त्याहून अधिक तो आमच्यासारख्या कापडवाल्यांचा आहे. तो कसा, हे सांगण्याआधी माशाचा श्वास समजून घेणे जरूर आहे.

थोडी आमदनी, मोठा खर्च

पाण्यातच प्राणवायू असतो, पाणी त्याचेच बनलेले आहे, तोच मासा घेतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाही. पाणी ज्या प्राणवायूचे बनले आहे तो पाण्यात पक्का बांधलेला असतो आणि माशाला तो सोडवता येत नाही. मासा जो प्राणवायू घेतो तो वरच्या हवेतून पाण्यात विरघळलेला असतो, सरबतात साखर विरघळते तसा. पाण्यातल्या हिरव्या वनस्पती आणि शेवाळही दिवसा उन्हात त्यात भर घालतात.

मात्र हा साठा फारच थोडा असतो. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो. आपल्याकडच्या हवामानात एक लिटर गोड्या पाण्यात तो पाच-सहा मिलिलिटरच मावतो. वजनाने सांगायचे तर २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम आणि ३० अंशाच्या पाण्यात सुमारे साडेसात मिलिग्रॅम. पाणी तापले की साठा घटतो. त्याच वेळी उष्णतेने माशाच्या अंगाची गरज मात्र वाढते. आमदनी कमी आणि खर्च जास्त अशी ही उन्हाळ्यातली स्थिती असते. खाऱ्या पाण्यात तर साठा याहूनही कमी असतो.

शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट जड आहे. आपण हवा सहज आत ओढतो आणि बाहेर टाकतो. माशाला हे जड पाणी रात्रंदिवस ढकलावे लागते आणि त्यातून हा थोडासा माल वेचावा लागतो. इतक्या तंगीत त्याचे भागते ते त्याच्या कल्ल्यांमुळे.

कल्ल्यांची कारागिरी

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. तेथे 'गलफडे' हा शब्द आम्ही शिकलो. मराठीत त्यांना कल्ले म्हणतात. मासळी बाजारात गिऱ्हाईक डोक्याजवळचे झाकण उचलून आत लाल रंग आहे की नाही ते पाहते, तेच हे कल्ले. तो लाल रंग रक्ताचा असतो. मासा शिळा होऊ लागला की तो रंग काळपट, फिका पडतो. म्हणून ही परीक्षा आजही खरी मानली जाते.

रोहू, कटला, पापलेट यांसारख्या माशांना डोक्याच्या प्रत्येक बाजूला कल्ल्यांच्या चार कमानी असतात. प्रत्येक कमानीला केसांच्या झालरीसारख्या तंतूंच्या दोन ओळी आणि प्रत्येक तंतूवर अगदी बारीक पापुद्र्यांची रांग असते. सोलापूरचा टर्किश टॉवेल साध्या कापडापेक्षा अधिक पाणी पितो, कारण त्यावरच्या सुताच्या फासांमुळे पाण्याला लागणारे अंग वाढते. कल्ल्यांचीही युक्ती तीच आहे. जागा थोडी, पण पाण्याला लागणारे अंग मोठे. पापुद्रे इतके पातळ असतात की पाण्यातला प्राणवायू त्यांतून थेट रक्तात जातो आणि रक्तातला निकामी वायू पाण्यात निघून जातो.

मासा तोंड उघडतो तेव्हा पाणी आत येते. तोंड मिटले की ते पाणी कल्ल्यांवरून जाते आणि झाकणाच्या फटीतून बाहेर पडते. आपला श्वास ज्या वाटेने आत जातो त्याच वाटेने परत येतो. माशाचे पाणी मात्र एकाच दिशेने वाहते.

यात आणखी एक हिकमत आहे, ती आपल्या प्रोसेसवाल्यांना लगेच कळेल. चांगल्या धुलाई रेंजमध्ये कापड पुढे सरकते आणि पाणी उलट बाजूने येते. जवळजवळ धुऊन झालेल्या कापडाला ताजे पाणी लागते आणि तेच पाणी मागे जाऊन मळक्या कापडाला लागते. त्यामुळे थोड्या पाण्यात जास्त धुलाई होते. कल्ल्यांमध्ये पाणी एका दिशेने जाते आणि पापुद्र्यांतले रक्त त्याच्या उलट दिशेने. दोन्ही एकाच दिशेने गेले असते तर अर्ध्यावर येऊन देवाणघेवाण थांबली असती. उलट वाहण्यामुळे मासा पाण्यातला ७०-८० टक्क्यांपर्यंत प्राणवायू काढून घेऊ शकतो. माणसाचे फुप्फुस आत घेतलेल्या हवेतला सुमारे पाव हिस्साच घेते.

मग पाण्याबाहेर काढल्यावर, इतकी भरपूर हवा असताना, मासा का मरतो? ओली मलमल पाण्यात पसरलेली असते. बाहेर उचलली की घडीवर घडी चिकटून तिचा बोळा होतो. कल्ल्यांचे तसेच होते. पाण्याचा आधार गेला की पापुद्रे एकमेकांना चिकटतात, हवेला लागणारे अंग उरत नाही, पुढे ते सुकू लागतात आणि माशाचा दम कोंडतो. खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी मात्र कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवते आणि ओल्या कातडीतूनही प्राणवायू घेते. म्हणून ती ओहोटीच्या वेळी पाण्याबाहेर फिरू शकते.

मग बुडणे कशाला म्हणायचे?

आपण बुडणे म्हणतो तेव्हा फुप्फुसात पाणी जाऊन दम कोंडणे असा अर्थ असतो. बहुतेक माशांना फुप्फुसच नाही, तेव्हा या अर्थाने ते बुडत नाहीत. पण पाण्यात असूनही दम कोंडून मासा मरू शकतो, आणि रोज कोठे ना कोठे मरतो. त्याचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार, पाणी कल्ल्यांवरून वाहणे बंद पडते. जाळ्याच्या डोळ्यात माशाचे डोके घुसते, दोरा झाकणावर आवळतो आणि त्याला पाणी ढकलता येत नाही. कुपा, ज्याला परदेशी बाजारात ट्यूना म्हणतात, तो तर तोंड किंचित उघडे ठेवून सतत पोहतो आणि पोहण्याच्या जोरावरच पाणी कल्ल्यांतून नेतो. त्याला थांबवले की त्याचा श्वास थांबतो. मुशीच्या काही मोठ्या जातींचेही असेच आहे, जरी सर्व मुशींचे नाही. काही जाती तळाशी निवांत पडूनही श्वास घेतात.

दुसरा प्रकार अगदी खऱ्या अर्थाने बुडण्याचा आहे. काही मासे पाण्यात राहून वरची हवा पितात. आपला मरळ त्यांतला आहे. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेसाठी वेगळी पोकळी असते आणि तो ठरावीक वेळाने वर येऊन घोट घेतो. मागूर आणि बंगालमधला कोई यांनाही अशी सोय आहे. आफ्रिकेतल्या लंगफिश नावाच्या माशाला तर फुप्फुसेच आहेत. मोठ्या मरळाला, विशेषतः गरम पाण्यात, नुसत्या कल्ल्यांवर भागवता येत नाही. पाण्याखाली जाळी ताणून त्याला वर येऊ दिले नाही तर तो पाण्यातच दम कोंडून मरतो. म्हणजे मासा बुडतो! याच सोयीमुळे मरळ बाजारात थोड्या पाण्याच्या टबात जिवंत राहतो. शोभेचा फायटर मासाही याच कारणाने लहानशा बाटलीत ठेवून विकला जातो. त्याच बाटलीत रोहूचे पिल्लू ठेवले तर ते फार वेळ जगणार नाही. शोभेच्या माशांचा धंदा करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की गोल, अरुंद तोंडाच्या भांड्यात पाण्याला हवा कमी लागते. भांडे खोल असण्यापेक्षा रुंद असणे माशाच्या फायद्याचे असते.

मत्स्यबीजाचा व्यापार करणाऱ्यांनी हे ज्ञान केव्हाच कामाला लावले आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत साधारण एक हिस्सा पाणी आणि दोन हिस्से सिलिंडरमधला प्राणवायू भरून तोंड बांधतात. आदल्या दिवशी पिल्लांना उपाशी ठेवतात म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. माल रात्री किंवा पहाटे हलवतात म्हणजे पाणी तापत नाही. तिन्ही गोष्टींचा हेतू एकच, पिशवीतला श्वास मुक्कामापर्यंत पुरावा.

तिसरा प्रकार सर्वांत मोठा आणि सर्वांत वाईट. पाणी आहे, मासा मोकळा आहे, कल्लेही ठीक आहेत, पण पाण्यातला प्राणवायूच संपलेला आहे. अशा वेळी रोहू, कटला, मृगळ असे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. तळ्यावरचे लोक म्हणतात, मासे तोंड काढू लागले. हे पहाटे जास्त दिसते, कारण दिवसा शेवाळ प्राणवायू बनवते आणि रात्री तेच तो खाते. सूर्य उगवण्याआधी साठा सर्वांत कमी असतो. त्यात पाणी उथळ, उन्हाळा कडक आणि पाण्यात कुजणारा माल भरपूर, असे झाले की सकाळी काठावर मेलेल्या मासळीचा खच पडतो.

खळ विष नाही, तरीही

येथे आमच्या कापडाच्या धंद्याचा संबंध येतो.

नदीत मासे मेले की लोक म्हणतात, कोणीतरी विष सोडले. कधी ते खरेही असते. ब्लीचिंगचे क्लोरीन पाण्यात गेले तर ते कल्ल्यांचे नाजूक पापुद्रे जाळते. परंतु दर वेळी विषच लागते असे नाही. आपण सुताला लावतो ती खळ घ्या. मका, टॅपिओका यांचा स्टार्च म्हणजे खाण्याचीच चीज आहे. ती माशाच्या पोटात गेली तर त्याला काही होत नाही. पण ती पाण्यात गेली की पाण्यातले सूक्ष्म जंतू तिच्यावर तुटून पडतात. ते वाढतात, आणि वाढताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासा विषाने मरत नाही. त्याच्या ताटातली हवा दुसऱ्याने खाल्ली म्हणून तो मरतो.

हा हिशेब आम्ही मांडून दाखवतो. एक किलो स्टार्च पूर्ण कुजायला सुमारे १.१८ किलो प्राणवायू लागतो. हे रसायनशास्त्राचे गणित आहे, त्यात कमी-जास्त होत नाही. ३० अंशाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू धरला तर एक किलो स्टार्च सुमारे दीड लाख लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू संपवू शकतो. दहा हजार लिटरचे पंधरा टँकर! वाहती नदी वरून नवा प्राणवायू घेत असते हे खरे, पण त्याला वेळ लागतो. उन्हाळ्यात बंधाऱ्यात अडलेल्या पाण्याला तो मिळत नाही.

आता एक किलो स्टार्च म्हणजे किती कापड? मीटरला शंभर ग्रॅम वजनाचे सुती कापड धरा. त्यात निम्मा ताणा आणि ताण्यावर दहा टक्के खळ धरली तर शंभर मीटरला सुमारे अर्धा किलो खळ होते. म्हणजे दोनशे मीटर कापडामागे एक किलो. आपल्या गावांत रोज किती मीटर कापड निघते याचा अंदाज वाचकांनीच करावा.

ही खळ भिवंडी, मालेगावच्या सायझिंगमध्ये बीमवर चढते, पण ती तेथे उतरत नाही. ग्रे कापड प्रोसेसला जाते तेथे डिसायझिंगमध्ये ती पाण्यात उतरते. मालेगावचा माल राजस्थानात पाली, बालोतऱ्याला जातो. तेव्हा येथे लावलेली खळ तेथल्या पाण्यात जाते. पालीची बांडी नदी कापडाच्या पाण्यानेच बदनाम झाली. आपल्या राज्यात इचलकरंजीजवळची पंचगंगा पाहा. शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या अनेक वर्षे येत राहिल्या आहेत. तेथे एकट्या कापडाचा दोष नाही. शहरांचे सांडपाणी आणि साखर कारखान्यांचे पाणीही त्यात आहे. पण शेजाऱ्याने कचरा टाकला म्हणून आपला कचरा साफ होत नाही.

हे मोजायची रीत जुनी आहे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्याची पद्धत विंक्लर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली दिली. पाण्यातला कुजणारा माल किती प्राणवायू मागेल ते मोजतात, त्याला बीओडी म्हणतात. प्रोसेस हाऊसच्या कागदांवर हा शब्द सर्वांनी पाहिला असेल. आपल्या देशात नमुना २७ अंशावर तीन दिवस ठेवून ही मागणी काढतात. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला लिटरमागे ३० मिलिग्रॅमची हद्द आहे. डिसायझिंगच्या कच्च्या पाण्यात हा आकडा हजारांच्या घरात असतो. मासळी जगावी अशा पाण्यात लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरवले आहे. साठा साडेसात आणि किमान गरज चार. मधली शिल्लक केवळ साडेतीन मिलिग्रॅमची आहे!

खर्च कोणाच्या खात्यावर?

खळ कुजणार हे निश्चित. ती कोठे कुजेल एवढेच आपल्या हाती आहे. कारखान्याच्या शुद्धीकरण टाकीत ब्लोअर लावून पाण्यात हवा भरतात, तेव्हा तेच जंतू तीच खळ टाकीत खाऊन टाकतात. कोळंबीच्या तळ्यात पाणी उडवणारी चक्रे दिसतात, त्यांचे कामही हेच, पाण्यात श्वास भरणे. टाकीत कुजली तर विजेचे बिल कारखान्याला येते. नदीत कुजली तर ते बिल मासा भरतो, आणि त्याच्यामागे जाळे टाकणारा भोई, टोपली घेऊन बसणारी बाई आणि खाली पाणी पिणारे गाव भरते. खर्च टळत नाही, फक्त खाते बदलते.

तो खर्च केवढा? चांगले यंत्र एका युनिट विजेत साधारण एक किलोच्या आसपास प्राणवायू पाण्यात मिसळते. म्हणजे एक किलो खळीमागे, अर्थात दोनशे मीटर कापडामागे, युनिट-सव्वा युनिट वीज. रंग, मीठ, गाळ, माणसे यांचा खर्च वेगळा आहे आणि तो लहान नाही, हे आम्ही जाणतो. पण निदान माशाच्या श्वासाची किंमत मीटरमागे पैशांत आहे. एवढ्यासाठी रात्री ब्लोअर बंद ठेवून टाकीचे तोंड नाल्यात उघडणे हा व्यापार नव्हे.

ज्यांना धर्म-अधर्माची भाषा नको असेल त्यांनी निव्वळ धंद्याच्या नजरेने तिरुपूरकडे पाहावे. नोय्यल नदी रंगाईच्या पाण्याने खराब झाली, शेतकरी कोर्टात गेले आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास हायकोर्टाने तेथल्या रंगाई युनिटांना बंद करण्याचा हुकूम दिला. शेकडो युनिटे एकदम थांबली आणि निर्यातीची होजियरी अडकली. पुढे एक थेंबही बाहेर न सोडता पाणी पुन्हा वापरण्याची व्यवस्था करूनच त्यांना काम चालवावे लागले. वेळेवर जो खर्च थोडा होता तो उशिरा फार मोठा झाला.

आपण काय करावे

पहिली गोष्ट. जॉबवर दर ठरवताना आपल्या धंद्यात मीटरचा भाव विचारला जातो, पाणी कोठे जाते ते विचारले जात नाही. यापुढे तेही विचारावे. मंडळाची परवानगी आणि पाण्याच्या तपासणीचा ताजा कागद पाहावा. शेजाऱ्यापेक्षा फार स्वस्त दर देणारा बचत कोठून करतो, हे समजून घ्यावे.

दुसरी गोष्ट. सायझिंगवाल्यांनी लागेल तेवढीच खळ लावावी. जादा खळ हा चढवताना एक आणि उतरवताना दुसरा खर्च आहे. एन्झाइमने खळ उतरवली म्हणजे ती नाहीशी झाली, असे कोणी समजू नये. ती विरघळून साखरेच्या रूपात पाण्यातच जाते आणि जंतूंना अधिकच सोपी होते.

तिसरी गोष्ट. प्रोसेसवाल्यांनी डिसायझिंगचे पाणी बाकीच्या धुलाईत मिसळू न देता वेगळे काढावे. ते थोडे असते पण जड असते. कापडाच्या ओल्या कामातल्या बीओडीचा फार मोठा हिस्सा त्या एकाच पाण्यात असतो. ज्यांची ताकद लहान आहे त्यांनी सामाईक शुद्धीकरण केंद्रात हिस्सा घ्यावा आणि वर्गणी वेळेवर भरावी.

चौथी गोष्ट मासळीवाल्यांसाठी आणि गिऱ्हाइकांसाठी. नदीकाठी अचानक मेलेली, फुगलेली मासळी स्वस्तात मिळते म्हणून उचलू नये. ती कशाने मेली हे कल्ले पाहून कळत नाही.

मासा पाण्यात बुडतो काय, या लहान मुलाच्या प्रश्नाला मोठ्यांनी असे उत्तर द्यावे: मरळासारखा मासा वर येऊ दिला नाही तर बुडतो, बाकीचे मासे पाण्यातला प्राणवायू संपला की दम कोंडून मरतात, आणि तो प्राणवायू पुष्कळ वेळा आपल्या कापडातून उतरलेल्या खळीनेच संपतो. आपल्या मालाचे पाणी कोठे जाते, एवढी चौकशी प्रत्येक व्यापाऱ्याने या हंगामापासून सुरू केली तरी पुष्कळ काम होईल.